घरगुती साठवण सर्व्हरसाठी सुट्या भागांची निवड : वारजे परिसरातील सदनिकेच्या संदर्भात

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत महाविद्यालयीन अध्यापकांच्या घरी ग्रंथांच्या कपाटाशेजारी एक निराळाच संग्रह साचत गेला आहे. मुलाखतींच्या ध्वनिफिती, क्षेत्रकार्यातील डीव्ही टेप, हस्तलिखितांची छायाचित्रे, प्रबंधाचे मसुदे, अर्धवट वाचता येणाऱ्या सीडी आणि कोणत्या खणात आहे हे विसरलेला पेन ड्राइव्ह असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. यांतील बहुतेक सामग्रीची दुसरी प्रत अस्तित्वात नसते. वीस वर्षांपूर्वी ज्या वृद्ध ओवीगायिकेचे ध्वनिमुद्रण केले, तिचे पुन्हा ध्वनिमुद्रण करणे शक्य नसते. अशा सामग्रीसाठी घरातील सर्व संगणकांना जाळ्यातून पोहोचता येईल असा, अहोरात्र चालू राहणारा एक लहान साठवण सर्व्हर उभारण्याकडे अलीकडे अनेकांचा कल दिसतो. तयार पेटी विकत घेण्याऐवजी सुटे भाग जोडून तो तयार करता येतो. तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करणाऱ्या ग्राहकाला पहिला प्रश्न बहुधा ‘प्रोसेसर कोणता?’ असाच विचारला जातो. साठवणीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत शेवटी यावयास हवा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वारज्यातील दोन-तीन खोल्यांची सदनिका डोळ्यांसमोर ठेवून ते पुढे मांडले आहे.

गरजेचे मोजमाप

जागा किती लागेल, याचा अंदाज सहसा फुगवून केला जातो. शंभर सी-९० ध्वनिफिती म्हणजे दीडशे तासांचे ध्वनिमुद्रण. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या उच्च दर्जाने त्यांचे अंकीकरण केल्यास दर तासाला सुमारे दोन गिगाबाइट, म्हणजे एकूण सुमारे ३१० गिगाबाइट जागा लागते. एका तासाच्या डीव्ही टेपला सुमारे १३ गिगाबाइट लागतात, तेव्हा साठ टेपचे ७८० गिगाबाइट झाले. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआय रंगीत स्वरूपात, कोणतेही आकुंचन न करता साठविले तर २६ मेगाबाइट होते. अशा दहा हजार पानांना २६० गिगाबाइट पुरतात. आयुष्यभराच्या संशोधनाचा हा ऐवज दीड टेराबाइटच्या आत बसतो. कुटुंबाची छायाचित्रे व चित्रफिती आणि पुढील काही वर्षांची वाढ धरली तरी चार टेराबाइट पुरेसे ठरावेत. (चार टेराबाइटची डिस्क संगणकावर ३.६४ इतकीच दिसते. निर्माता दशमान पद्धतीने मोजतो आणि संगणक द्विमान पद्धतीने, एवढाच त्यातील फरक. दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही.)

डिस्क : खर्चाचा मुख्य वाटा

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतील एक बिघडली तरी माहिती टिकावी, ही कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली येथून प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली आणि ‘रेड’ हे नाव रूढ झाले. तिचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी घरासाठी सर्वांत साधा प्रकार, म्हणजे दोन समान डिस्कवर एकच मजकूर लिहिणारी ‘मिरर’ रचना, सर्वांत योग्य होय. तीन-चार डिस्कची ‘रेड-५’ रचना जागा वाचविते, हे खरे. परंतु त्यांतील एक डिस्क निकामी झाली की उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अंतापर्यंत वाचाव्या लागतात. सामान्य डिस्कच्या तपशीलपत्रात न वाचता येणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा सुमारे साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक अशी दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्क त्याहून पुष्कळ चांगल्या वागतात. तरीही मोठ्या संचाची पुनर्बांधणी जोखमीची असते, आणि ही जोखीम नेमकी एक डिस्क आधीच गेलेली असताना पत्करावी लागते. मिररमध्ये एकच डिस्क वाचावयाची असते. शिवाय शिल्लक राहिलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, आवश्यक प्रणाली तेथे असल्यास, मजकूर मिळविता येतो.

खरेदीच्या वेळी डिस्कच्या क्षमतेइतकेच तिच्या लेखनपद्धतीकडे लक्ष द्यावे लागते. पारंपरिक पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, तबकडीवरील रेघा एकमेकींशेजारी स्वतंत्र असतात. एसएमआर पद्धतीत त्या घरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढविलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत अधिक मजकूर मावतो, पण एक रेघ बदलण्यासाठी शेजारच्या अनेक रेघा पुन्हा लिहाव्या लागतात. परिणामी संचाची पुनर्बांधणी करताना अशी डिस्क अतिशय मंदावते, प्रसंगी नियंत्रक तिला निकामी समजून बाहेर काढतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, खास साठवण सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे आणि तपशीलपत्रात तसा उल्लेख नसल्याचे उघडकीस आले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव योजिले. तेव्हा वेष्टनावरील ‘नॅस’ या शब्दावर विसंबून न राहता निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक तपासणे अगत्याचे आहे. त्याच वेळी अनुक्रमांकावरून भारतातील हमी लागू आहे की नाही, हेही पाहावे. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच घाण्यातील मालात एकच दोष असण्याचा संभव असतो.

वीज : दुर्लक्षित घटक

मुठेच्या काठचे वारजे १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाले. महामार्गालगत येथे गृहसंकुले उभी राहिली असली तरी पुण्यातील इतर भागांप्रमाणे येथील रहिवाशांनाही दुरुस्तीसाठी गुरुवारी जाणारी वीज आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर होणारा तिचा लपंडाव परिचित आहे. अहोरात्र चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हा प्रश्न प्रोसेसरपेक्षा कितीतरी महत्त्वाचा होय. लेखन चालू असताना वीज गेली तर स्मृतीत असलेला मजकूर नाहीसा होतो आणि काही फाइल-प्रणालींत अर्धवट लिहिलेल्या नोंदी मागे राहतात. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस प्रणाली जुन्या नोंदीवर न लिहिता नवी नोंद अन्यत्र पूर्ण करून मगच ती ग्राह्य धरते, त्यामुळे डिस्कवरील रचना सुसंगत राहते. परंतु लिहावयाचा राहिलेला मजकूर तीही परत आणू शकत नाही.

‘घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?’ हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बॅटरीवर येण्यास पुष्कळदा याहून अधिक वेळ लागतो. तो यूपीएस स्थितीत ठेवल्यास हा वेळ कमी होतो, तरी बॅटरी संपत आल्याची सूचना साधा इन्व्हर्टर सर्व्हरला देत नाही. म्हणून यूएसबी पोर्ट असलेला लहान यूपीएस घ्यावा, म्हणजे पाच-सात मिनिटांत सर्व्हर स्वतःहून रीतसर बंद होऊ शकतो. स्वस्त यूपीएसमध्ये हे पोर्ट पुष्कळदा नसते, याची चौकशी आधीच करावी. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च अंदाजपत्रकात धरावा.

पॉवर सप्लायच्या क्षमतेबाबत दुकानात उलटा सल्ला मिळतो. सुरू होताना एक डिस्क १२ व्होल्टच्या वाहिनीवर सुमारे दोन अँपिअर, म्हणजे २४ वॅट घेते. दोन डिस्क आणि लहान मदरबोर्ड मिळून क्षणभरासाठीही शंभर वॅटच्या आतच राहतात. सहाशे-सातशे वॅटचा सप्लाय येथे अनाठायी आहे, कारण अत्यल्प भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. कमी वॅटचा पण नामांकित आणि प्रमाणित सप्लाय घ्यावा. स्थिर अवस्थेत ३५ वॅट घेणारे यंत्र दिवसाला ०.८४ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे ३०७ युनिट वीज खाते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे महिन्याला पडणारी ही पंचवीस युनिटे कुटुंबाला वरच्या टप्प्यात नेऊ शकतात. जुना, अधिक वीज खाणारा संगणक ‘फुकट’ वापरण्याचा मोह टाळावा, तो याचसाठी.

प्रोसेसर, रॅम व मदरबोर्ड

घरातील जाळे बहुधा एक गिगाबिटचे असते. त्यातून सेकंदाला सैद्धांतिकदृष्ट्या १२५ मेगाबाइटच जाऊ शकतात, आणि सलग वाचनाच्या वेळी एकटी डिस्कही याहून वेगवान असते. मग महागडा प्रोसेसर घेऊन काय साधणार? २०२३ च्या आरंभी आलेला इंटेल एन-१०० हा सहा वॅट श्रेणीचा प्रोसेसर या कामास पुरेसा आहे. आठ गिगाबाइट रॅमही चालते. मदरबोर्डवर साटा पोर्ट किती आहेत, एवढे मात्र नीट पाहावे. एन-१०० च्या अनेक बोर्डांवर ती एक-दोनच असतात.

चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम घ्यावी काय, याविषयी मतभेद आहेत. गुगलच्या यंत्रांवर आधारित २००९ च्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, तेव्हा प्रश्न काल्पनिक नाही. परंतु ईसीसीला साथ देणारा प्रोसेसर व बोर्ड यांमुळे खर्च वाढतो. त्या वाढीव रकमेत तिसरी डिस्क येत असेल, तर आधी ती डिस्क घ्यावी.

जागा आणि तिसरी प्रत

यंत्र कोठे ठेवावे, हाही निवडीचाच भाग आहे. वरच्या मजल्यावरील माळा एप्रिल-मेमध्ये स्लॅबमुळे तापतो, तर पावसाळ्यात बंद कपाटात दमटपणा साचतो. हवा खेळती राहील असा कॅबिनेट, त्यात सावकाश फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा आणि दिवाणखान्यातील उघडा कोपरा ही व्यवस्था बरी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी यंत्र जमिनीवर ठेवू नये. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गानंतर नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तर पुणेकर विसरलेले नाहीत.

मिरर रचना डिस्कच्या मरणापासून वाचविते. पूर, आग, चोरी, किंवा चुकून दाबलेले ‘डिलीट’ यांपासून नव्हे, कारण पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने पाळली जाते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फायली जळाल्या. ज्यांच्या प्रती अन्यत्र नव्हत्या, त्या कायमच्या गेल्या. यास्तव तिसरी डिस्क सर्व्हरच्या पेटीत न बसविता बाहेर, गावच्या घरी किंवा नातेवाइकांकडे ठेवावी. ती पुराच्या एकाच पट्ट्यात नसावी, आणि मुलाखत देणाऱ्यांची खासगी माहिती तीत असेल तर ती सांकेतिक स्वरूपातच लिहावी. सांकेतिक शब्द कागदावर लिहून घरातील आणखी एका व्यक्तीच्या स्वाधीन करावा. गणपतीला आणि दिवाळीला गावी जाताना नवी प्रत सोबत न्यावी, जुनी परत आणावी, आणि परत आणलेल्या डिस्कवरील दहा-पाच फाइली सर्व्हरऐवजी दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहाव्यात.