सुट्टीच्या दिवसावर उभं वेळापत्रक

ऑगस्ट 2022मध्ये लंडन आणि मँचेस्टर यांच्यातली रेल्वेसेवा एकाएकी आक्रसली. जिथे तासाला तीन गाड्या सुटायच्या, तिथे 14 ऑगस्टपासून एकच उरली. पुढच्या तारखांची तिकीटविक्रीही काही काळ थांबली. या मार्गावर गाड्या चालवणाऱ्या अवंती वेस्ट कोस्ट या कंपनीने दोष ड्रायव्हरांवर ठेवला. हा अघोषित संपच आहे, असं तिचं म्हणणं होतं. ड्रायव्हरांची संघटना असलेल्या ॲस्लेफने आरोप साफ फेटाळला. तिचं उत्तर सरळ होतं: माणसं आपापल्या नेमलेल्या ड्युटीवर येत आहेत, कंपनीकडे ड्रायव्हरच पुरेसे नाहीत. झालं होतं इतकंच, की बहुतेकांनी सुट्टीच्या दिवशी जादा कामावर येणं थांबवलं होतं.

ज्या मार्गाची सेवा तेवढ्यानेच एक तृतीयांशावर येते, त्याचं वेळापत्रक मुळात कोणत्या हिशेबावर बेतलं होतं, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला. संपाच्या बातम्यांमध्ये पगाराचे आकडे लगेच छापून येतात. रिकाम्या जागांचे येत नाहीत. त्यामुळे ब्रिटनमधला हा वाद बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ पगारवाढीचा वाटला. त्याच्या मुळाशी मात्र साप्ताहिक सुट्टी होती.

तिथल्या बऱ्याच रेल्वे कंपन्यांमध्ये ड्रायव्हरचा आठवडा 35 तासांचा आणि चार दिवसांचा असतो. उरलेले दिवस विश्रांतीचे. काही कंपन्यांत तर रविवार कामाच्या आठवड्यात धरलेलाच नाही. रविवारी गाडी सुटते ती कुणीतरी आपणहून कामावर यायला तयार झालं म्हणून. विश्रांतीच्या दिवसाच्या या कामासाठी कंपनी आणि संघटना वेगळा करार करतात. त्याला मुदत असते, दर ठरलेला असतो. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, तर त्या दिवशी कुणालाही बोलावता येत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या ट्रान्सपेनाइन एक्स्प्रेस कंपनीचा असा करार डिसेंबर 2021मध्ये संपला. नंतरचं जवळजवळ दीड वर्ष तिथल्या प्रवाशांनी रोज उठून रद्द गाड्यांच्या याद्या पाहिल्या. शेवटी मे 2023मध्ये सरकारने कंपनीच्या कराराला मुदतवाढ नाकारली आणि कारभार स्वतःकडे घेतला.

ही घडी कुणी एकट्याने बसवली नाही. 1993च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचं खासगीकरण झालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांसाठी मार्ग मिळाले. नवा ड्रायव्हर तयार व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढा काळ त्याचा पगार, प्रशिक्षकाचा पगार आणि वर खर्च. शिवाय शिकून तयार झालेला माणूस जास्त पगार देणाऱ्या शेजारच्या कंपनीत निघून जाण्याची शक्यता. ज्या कंपनीचा मार्ग चार-सहा वर्षांत दुसऱ्याकडे जाणार, तिला भरतीपेक्षा ओव्हरटाइम स्वस्त पडतो. ड्रायव्हरांनीही तो पैसा घेतला. घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं त्यावर चालली, हे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यानेही मान्य करायला हवं. दोन्ही बाजूंना सोयीची अशी ही व्यवस्था पंचवीस-तीस वर्षं चालली. मग कोरोना आला. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये दोन माणसं सुरक्षित अंतर राखून उभी राहू शकत नाहीत, म्हणून 2020मध्ये प्रशिक्षण थांबलं. नवे आले नाहीत, जुने निवृत्त होत गेले. सुट्टीच्या दिवसांवर टाकलेला भार आणखी वाढला.

अशा भाराची किंमत ब्रिटनने खासगीकरणाच्या आधीच एकदा फार भयंकर रीतीने मोजली आहे. 12 डिसेंबर 1988, सोमवारची सकाळ. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ बेसिंगस्टोकहून आलेली गाडी थांबली होती, कारण पुढचा सिग्नल अचानक बदलून लाल झाला होता. मागचा सिग्नल तिचं संरक्षण करण्यासाठी लाल व्हायला हवा होता, तो झाला नाही. पूलहून येणारी गाडी तिच्यावर मागून आदळली आणि त्या ढिगाऱ्यात तिसरी, रिकामी गाडी घुसली. 35 माणसं गेली, जखमी शेकड्यांनी.

चौकशी अँथनी हिडन या ज्येष्ठ वकिलांकडे सोपवली गेली. सिग्नल यंत्रणेच्या नूतनीकरणात एक जुनी तार नीट कापून बाजूला केली गेली नव्हती. पंधरवड्यानंतर शेजारच्या उपकरणावर काम करताना ती हलली, तिचा स्पर्श झाला आणि सिग्नलला खोटी माहिती मिळू लागली. ज्या तंत्रज्ञाच्या हातून ही चूक झाली, तो अनुभवी होता, कामसू होता. त्याआधीच्या 13 आठवड्यांत त्याने एकच दिवस सुट्टी घेतली होती. काम शनिवार-रविवारच्या ओव्हरटाइमवर ढकललं जात होतं आणि आठवडेच्या आठवडे सलग कामावर येणं ही तिथली रीतच झाली होती. त्याचं काम पुन्हा तपासून पाहणाराही कुणी नव्हता.

हिडन यांच्या अहवालानंतर सुरक्षेशी संबंधित रेल्वे कामासाठी मर्यादा आखल्या गेल्या: एका पाळीत 12 तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्यात 72 तासांपेक्षा जास्त नाही, दोन पाळ्यांमध्ये किमान 12 तासांची विश्रांती, आणि 14 दिवसांत 13पेक्षा जास्त पाळ्या नाहीत. आजही ब्रिटिश रेल्वेत कामाचे तास ठरवताना या आकड्यांचा आधार घेतला जातो. मला मात्र त्यातला शेवटचा आकडा अस्वस्थ करतो. पंधरवड्यात एक दिवस घरी राहू द्या, हे सांगण्यासाठी 35 जीव जावे लागले. आणि हे आकडे म्हणजे अगदी टोकाची हद्द आहे. तिथपर्यंत माणसाला ओढत न्यायचं, असा त्यांचा अर्थ नव्हता.

2022च्या उन्हाळ्यात संप सुरू झाले तेव्हा सरकारने बदली माणसांचा मार्ग शोधला. संपाच्या काळात संपकऱ्यांच्या जागी एजन्सीने कामगार पुरवायचे नाहीत, असा नियम ब्रिटनमध्ये होता. 21 जुलै 2022पासून तो काढून टाकला गेला. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. वर्षभराने, 13 जुलै 2023 रोजी, लंडनच्या उच्च न्यायालयाने हा बदल बेकायदा ठरवला. कायद्याने आवश्यक असलेला सल्लामसलतीचा भाग मंत्र्यांनी पारच पाडला नव्हता. एजन्सी चालवणाऱ्यांच्या संस्थेचाही या बदलाला विरोध होता, ही गोष्ट इथे महत्त्वाची. ज्यांच्या धंद्यासाठी दार उघडलं, त्यांनाच त्यातून आत जायचं नव्हतं.

पण न्यायालयाने आडकाठी केली नसती तरी रेल्वेत त्याचा उपयोग किती होता? मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगार सकाळी दारात उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर मुकादम त्याला साच्यावर पाठवायचा. आगगाडीचं तसं होत नाही. ड्रायव्हरला त्या जातीचं इंजिन चालवण्याची परवानगी लागते आणि त्या मार्गाची ओळखही सिद्ध करावी लागते. कुठे चढ आहे, कुठला सिग्नल वळणाआड आहे, पावसात किंवा पानगळीत रूळ निसरडे झाले की ब्रेक किती आधी लावायचा, हे सगळं. एका मार्गावर वीस वर्षं काढलेला माणूसही दुसऱ्या मार्गावर शिकल्याशिवाय गाडी नेऊ शकत नाही. असा माणूस कोणत्याच एजन्सीच्या यादीत नसतो.

मग जुलै 2023मध्ये दुसरा कायदा आला. संपाच्या दिवशीही रेल्वेच्या नेहमीच्या 40 टक्के गाड्या चालाव्यात, त्यासाठी कंपनीला नावानिशी माणसं कामावर बोलावता यावीत. जानेवारी 2024मध्ये एलएनईआर या सरकारी ताब्यातल्या कंपनीने तो वापरायची तयारी दाखवली. ॲस्लेफने तिथे लगेच आणखी पाच दिवसांचा संप जाहीर केला. कंपनीने माघार घेतली. रेल्वेत तो कायदा कधीच वापरला गेला नाही आणि पुढे आलेल्या सरकारने तो मोडीत काढला.

तिसरी तऱ्हा अधिकाऱ्यांनाच गाडीवर पाठवण्याची. अवंतीच्या ट्रेन मॅनेजरांनी, म्हणजे आपण ज्यांना गार्ड म्हणतो त्यांनी, जानेवारी 2025पासून मे अखेरपर्यंत दर रविवारी संप जाहीर केला. वाद विश्रांतीच्या दिवशीच्या कामाचाच. आरएमटी या त्यांच्या संघटनेची तक्रार अशी, की ट्रेन मॅनेजरांची जागा भरायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कंपनी जास्त मोबदला देते आणि जो माणूस रोज ते काम करतो त्याला सुट्टी मोडण्याचे कमी. याबद्दल राग येण्यासाठी कुणी संघटनेचा सभासद असायची गरज नाही.

ड्रायव्हरांचा पगाराचा वाद सप्टेंबर 2024मध्ये मिटला. दोन वर्षांत 18 दिवसांचे संप, अधूनमधून ओव्हरटाइमवर बंदी, आणि शेवटी तीन वर्षांची मिळून सुमारे 15 टक्के वाढ. 2019नंतर पगार वाढलेलाच नव्हता, हे लक्षात घेता ती वाढ अवाजवी म्हणता येणार नाही. पण सरकारने तेव्हाच रविवारचा प्रश्न टेबलावर घ्यायला हवा होता. रविवार कामाच्या आठवड्यात आणायला ॲस्लेफची तत्त्वतः हरकत नाही. त्यासाठी पुरेसे ड्रायव्हर आधी भरा, एवढीच तिची अट आहे. ती अट रास्त आहे. भरती पुढे ढकलत राहायचं आणि रविवारी गाडी रद्द झाली की ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायची, ही प्रवाशांचीच फसवणूक आहे.

भारतीय रेल्वेने निदान कागदावर या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. आपल्याकडे स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटमन यांच्या मंजूर पदांमध्ये ‘रेस्ट गिव्हर’ नावाचं पद असतं. दुसऱ्याला साप्ताहिक सुट्टी मिळावी, एवढ्याचसाठी नेमलेला माणूस. रजेवर गेलेल्यांसाठी ‘लीव्ह रिझर्व्ह’ वेगळे. सुट्टी मिळणार असेल तर तिच्यासाठी माणूस मोजूनच ठेवायला हवा, हा त्यामागचा विचार आहे आणि तो ब्रिटिश कंपन्यांच्या पद्धतीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. अडचण येते ती ही पदं रिकामी राहतात तेव्हा. जून 2024मध्ये दक्षिण रेल्वेवर काही लोको पायलटांनी 46 तासांची विश्रांती घ्यायला सुरुवात केली. मुख्यालयात परतल्यावरची 16 तासांची नेहमीची विश्रांती आणि त्यावर साप्ताहिक 30 तास, असा त्यांचा हिशेब. प्रशासनाच्या मते 16 तास त्या 30 तासांतच आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा काम करायचं थांबवलं. कारण निराळं होतं: लाल सिग्नल ओलांडल्याबद्दलच्या कडक शिक्षांविषयीचा राग आणि एका सहकाऱ्याचा मृत्यू. पण ओव्हरटाइम थांबताच लोकल रद्द होऊ लागल्या आणि वेळापत्रकातला किती भाग जादा कामावर चालतो, हे फलाटावर उभ्या माणसाला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी ‘कर्मचाऱ्यांअभावी गाडी रद्द’ अशी उद्घोषणा ऐकू आली, तर मोटरमन का आला नाही हे विचारण्याआधी त्या विभागात मोटरमनची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, ते विचारा. रेल्वे प्रशासनाला विचारा, आपल्या खासदाराला विचारा, माहिती अधिकारात अर्ज करून विचारा. ते आकडे मिळण्याचा हक्क प्रत्येक पासधारकाला आहे.