मुठीतली वाळू

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माझे काका मोल्डर आहेत. सुट्टीत त्यांच्या हाताखाली गेलो, तेव्हा पहिला धडा वाळूचा मिळाला.

वाळूत बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळतात. ती मुठीत दाबायची नि गोळा मोडायचा. बोटांचे ठसे नीट उठले, कडा न ढासळता दोन तुकडे झाले, तर वाळू जमली. हाताला चिकटली तर पाणी जास्त. साच्यात तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडताच पाण्याची वाफ होते. वाट मिळाली नाही, तर कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात.

ओलावा मोजायचं यंत्र आहेच. काका म्हणतात, "आकडा बघ, पण आधी मूठ दाब."

मी सगळं वहीत उतरवलं. 'वाळू घट्ट ठोकावी' असंही लिहिलं. पहिला साचा इतका घट्ट ठोकला की वाफ आतच कोंडली, माल भंगारात गेला. मग काकांनी माझा अंगठा धरून साच्यावर दाबला. "एवढं." ते 'एवढं' वहीत कसं लिहायचं?

काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांच्या हाताखाली सध्या एकही शिकाऊ नाही. म्हणून येत्या सुट्टीत वही घरी ठेवून जाणार आहे.