घरच्या घरीं डाखकाम : टाकीच्या पाण्याची खूण देणारा संच

मोटेच्या दिवसांत नाडा तुटला, मोटेस भोक पडलें किंवा चाकाचा कणा झिजला, तर दुरुस्ती गांवांतच होत असे. पुष्कळदां शेतकरी ती स्वतःच करी. विजेचा पंप आला आणि हें स्वावलंबन मागें पडलें. आतां लहानशी तार निसटली तरी तालुक्याच्या गांवीं खेप घालावी लागते. पंपाची मोटार उघडून बसा, असा सल्ला आम्ही देणार नाहीं. तें काम माहितगाराचेंच आहे. परंतु पंपाच्या जोडीस लागणारीं कांहीं साधनें अशीं आहेत कीं, ज्यास लिहितां वाचतां येतें आणि ज्याचा हात स्थिर आहे, अशा कोणाही शेतकऱ्यास तीं एका दुपारीं जोडतां यावींत. त्यांपैकीं एकाचा विचार येथें करावयाचा आहे.

ज्या गांवीं अद्यापि रात्रपाळीनें वीज मिळते, तेथील अडचण वाचकांस सांगावयास नको. मोटार सुरू करावयाची, आणि टाकी भरली कीं नाहीं हें पाहण्यास अंधारांत दोन तीनदां बांधावरून जावयाचें. पावसाळ्यांत ही फेरी विंचूसर्पाच्या भयाची असते. आणि डोळा लागला तर टाकी भरून वाहते, वीज फुकट जाते व विहिरीचें मोलाचें पाणी ओढ्यास मिळतें. टाकी भरतांच खोपटांत घंटी वाजली तर ही फेरी एकदांच करावी लागेल.

असें साधन तयार विकत मिळतें, तसेंच सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेंही मिळतें. आमचें मत संचाच्या बाजूचें आहे. स्वस्ताईसाठीं नव्हे, तर ज्यानें तें जोडलें त्यास तें बिघडल्यावर उघडतांही येतें म्हणून.

संचांत असतें तें एवढेंच : तांब्याच्या रेषा छापलेली एक पट्टी, बी. सी. ५४७ या क्रमांकाचे तीन चार ट्रान्झिस्टर, रंगीत पट्ट्यांचे कांहीं रोधक, तीन लहान एल. ई. डी. दिवे आणि एक बझर. पाणी हें विजेचें वाहक खरें, पण दुबळें. विहिरीच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असल्यामुळें त्यांतून थोडासा प्रवाह जातो, मात्र तेवढ्यानें दिवा पेटत नाहीं. तो प्रवाह ट्रान्झिस्टरच्या एका पायास दिला म्हणजे त्याच्या उरलेल्या दोन पायांमधून शंभर किंवा अधिक पटींचा प्रवाह वाहूं लागतो. कालव्याचें दार फिरविण्यास एका माणसाचें बळ पुरतें. त्यांतून वाहणारें पाणी मात्र त्याच्या बळाच्या कितीतरी पट असतें. तसेंच हें आहे. ही युक्ति १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं प्रथम साधली, आणि १९५६ सालीं शॉकली यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज तोच चमत्कार बोटाच्या पेराएवढ्या भागांत चिल्लर पैशांत मिळतो.

आतां मुख्य काम, म्हणजे डाख. तांबटास भांड्याला डाख देतांना आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तत्त्व तेंच, प्रमाण मात्र सूक्ष्म. सुमारें पंचवीस वॅटची डाख देण्याची कांब, जिला दुकानदार सोल्डरिंग आयर्न म्हणतात, ती घ्यावी. डाखाची तार कथील व शिसें यांच्या मिश्रणाची असते. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असलेली तार १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळते व एकदम थिजते, म्हणून नवशिक्यास ती सोईची. तिच्या पोटांत राळ भरलेली असते. ती तांब्यावरील गंज काढते व डाखास पसरूं देते. कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामांतील तेजाब मात्र येथें चुकूनही वापरूं नये. काम झाल्यावर तो मागें राहून बारीक रेषा खाऊन टाकतो.

कांब तापली कीं तिचें टोक ओल्या फडक्यावर पुसून त्यावर थोडी डाख घ्यावी, म्हणजे टोक चकाकेल. काळ्या टोकानें उष्णता उतरत नाहीं. नंतर तें टोक भागाचा पाय व पट्टीवरील तांब्याचें कडें या दोहोंस एकाच वेळीं टेकवावें, मनांत दोन अंक मोजावे, आणि डाखाची तार कांबीला नव्हे तर सांध्याला लावावी. सारी विद्या या एका वाक्यांत आहे. सांधा स्वतः तापलेला असेल तरच तो डाख ओढून घेतो. कांबीवर वितळवून वरून ओघळविलेली डाख दंवाच्या थेंबासारखी नुसती बसून राहते, तांब्यास चिकटत नाहीं. ती डोळ्यांस जोडलेली दिसते, आणि हवा दमट झाली किंवा धक्का बसला कीं तुटते. प्रथम तार काढावी, मग कांब, आणि डाख थिजेपर्यंत पट्टी हलवूं नये. चांगला सांधा चकचकीत व पायथ्याकडे पसरत गेलेला असतो. (शिसें नसलेल्या डाखाचा सांधा चांगला असूनही मळकट दिसतो, हें ध्यानांत असावें. ती डाख अधिक उष्णता मागते.)

प्रथम बुटके रोधक बसवावे, उंच भाग मागाहून. तपकिरी, काळा, नारिंगी अशा पट्ट्या म्हणजे दहा हजार ओहम. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे चारशें सत्तर. दिव्याचा लांब पाय धन बाजूस. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू पट्टीवर छापलेल्या आकृतीशीं जुळवावी. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घातला तर त्याच्या पायांचा क्रम निराळा असूं शकतो. काम खिडकीशीं करावें, कारण राळेचा धूर छातीस बरा नव्हे. आणि शिसें हाताळल्यावर हात धुतल्यावांचून भाकरीस शिवूं नये. लहान मुलांस त्या तारेपासून दूरच ठेवावें.

सेल जोडण्यापूर्वीं शेजारच्या दोन कड्यांमध्यें डाखाचा पूल झाला आहे काय, हें उन्हांत धरून पाहावें. मग तारांचीं टोकें पेल्यांतील पाण्यांत बुडवावीं. दिवा लागला नाहीं तर भाग वाईट निघाला असें मानण्याची घाई करूं नये. बहुतेक वेळां दोष सांध्यांत किंवा उलट्या बसविलेल्या दिव्यांत सांपडतो. शंका येईल तो सांधा पुन्हा तापवावा.

टाकींत उघडी तांब्याची तार सोडण्याची चाल आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. एकाच दिशेचा प्रवाह वाहिल्यानें धन बाजूची तार झिजून हिरवी पडते व तें तांबें पाण्यांत उतरतें. त्याऐवजीं स्टेनलेस पोलादाचे चार स्क्रू एका प्लास्टिकच्या नळीवर बसवावे : एक तळाशीं सामाईक, तीन निरनिराळ्या उंचीवर. या पोलादावर राळेची डाख धरत नाहीं, म्हणून तार दोन चकत्यांमध्यें दाबून नटानें आवळावी. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर डाखाचा एकही सांधा पाण्यांत येऊं देऊं नये.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल तीन दिवे व बझर यांस फार तास पुरत नाहीं. सहा पेन्सिल सेल एका ओळींत जोडले तर कितीतरी अधिक टिकतात. मोटार सुरू करतांना बटण लावावें, बंद करतांना काढावें. घरच्या विजेवरील अडॅप्टर टाळलेला बरा, कारण तो बिघडल्यास त्याचा धोका थेट पाण्यांत उतरतो. त्याच कारणास्तव हा संच स्टार्टरला जोडून मोटार आपोआप बंद करण्याचा मोह आवरावा. तेथें सुमारें ४०० व्होल्ट खेळत असतात; तसें करावयाचें असेल तर परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें.

टाकीपासून खोपटापर्यंतची तार बारीक असली तरी चालते, कारण पाण्याच्या विरोधापुढें तिचा विरोध कांहींच नाहीं. मात्र ती मोटारीच्या केबलीला लगटून नेऊं नये. नेल्यास टाकी रिकामी असतांही दिवे मिणमिणूं लागतात. वळवाचे ढग जमले म्हणजे तार संचापासून सोडवून ठेवावी, आणि दिवाळीच्या सुमारास एकदां स्क्रूंवर बसलेला क्षारांचा थर चिंचेच्या कोळानें घासून काढावा.