पन्नासावी साडी आणि चंद्र

2021 या एका वर्षात देशोदेशींच्या सीमा ओलांडून किती नकली माल गेला असेल? ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेचा आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचा अंदाज आहे 467 अब्ज डॉलर! अब्ज म्हटलं की डोकं बधिर होतं, तेव्हा रुपयांत मोजू. डॉलर 85 रुपयांना धरला तर साधारण 40 लाख कोटी. पाचशेच्या नोटा केल्या तर 8,000 कोटी. एक नोट 15 सेंटीमीटर. आता अंथरत चला. मुंबईहून पुणं, पुण्याहून मुंबई, अशा 40,000 फेऱ्या... नको, सरळ चंद्रावर जाऊ. जाऊन-येऊन 15 वेळा, वर नोटा उरतातच! आणि जगभर पकडल्या जाणाऱ्या नकली मालात 62 टक्के वाटा कपडे, पादत्राणं आणि चामडी वस्तूंचा.

या लोंढ्यापुढे आपल्या कायद्यातला एक आकडा बघा : 50. चित्रकाराच्या चित्रावर त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं कॉपीराइट. पण साडीची नक्षी डिझाइन म्हणून नोंदवली नाही, तर कारखान्यातून पन्नासाहून जास्त नग निघताच त्या डिझाइनवरचा कॉपीराइट खलास! 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितिका या कपड्यांच्या कंपनीचा बिबा या दुसऱ्या कपड्यांच्या कंपनीविरुद्धचा दावा याच पन्नाशीवर अडला.

पन्नास साड्या म्हणजे किती हो? साडेपाच मीटरची एक धरली तर 275 मीटर. 24 डब्यांच्या एक्सप्रेसशेजारी अंथरल्या तर अर्धी गाडीही झाकत नाही. मुंबई-पुण्याला 27,000 लागतील! इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कुणी पन्नास नगांवर थांबतं का?

बरं, नोंदणीचं शुल्क? एकट्या अर्जदाराला 1,000 रुपये. दोन नोटा, 30 सेंटीमीटर, शाळेतली फूटपट्टी! तेवढ्यात 10 वर्षं पदरात, मुदतवाढीचं शुल्क भरलं की आणखी 5. मग काढा पन्नास, काढा पन्नास हजार. 75 लाख साड्या काढल्यात तर पृथ्वीला प्रदक्षिणा घालूनही कापड उरेल, आणि हक्क जागच्या जागी. अर्ज मात्र नक्षी दुकानात झळकण्याआधी हवा. इथेच बहुतेकांची गाडी चुकते, असं मला वाटतं.

पैठणीची तर तऱ्हाच न्यारी. तिच्या भौगोलिक मानांकनात राखलं जातं ते नाव, पदरावरचा मोर नव्हे. पण मुदत? दर 10 वर्षांनी नूतनीकरण, कितीही वेळा. दहादा केलं, आणखी शंभर वर्षं. शंभरदा केलं, आणखी हजार वर्षं!