गाण्यांच्या मागे राहिलेलं संगीत

हॉस्टेलमध्ये कुठल्याही रूमचं दार ढकला, आत गाण्यांवरून वाद चाललेला सापडेल. पण पार्श्वसंगीतावरून, म्हणजे आपल्या भाषेत 'बीजीएम'वरून, कोणी भांडताना ऐकलंय? हिरोच्या एन्ट्रीची रिंगटोन झाली की आपला विषय संपला! म्हणून हा लेखप्रपंच. मी मूळची जव्हारची, शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे भाषा थोडी सांभाळून घ्या.

आधी थोडी थिअरी. गाणं बहुतेक वेळा शूटिंगच्या आधी रेकॉर्ड होतं आणि कॅमेरा त्याच्या तालावर चालतो. पार्श्वसंगीताचं उलटं असतं. एडिटिंग झाल्यावर संगीतकार चित्र बघतो आणि सूर कुठल्या सेकंदाला सुरू करायचा, कुठे थांबवायचा ते ठरवतो. म्हणजे गाण्याला मोकळं मैदान आणि याला सगळी कन्स्ट्रेंट्स. आणि काम चोख झालं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांतसुद्धा गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन वेगळे पुरस्कार नियमितपणे मिळायला लागले ते २००९ च्या चित्रपटांपासून. बोला आता!

माझ्या यादीत पहिलं नाव भास्कर चंदावरकर. पंडित रविशंकरांचे शिष्य, सतारवादक, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. 'घाशीराम कोतवाल' आणि 'सामना'मुळे त्यांचं नाव घेतलं जातं. पण 'श्वास' (२००४) ऑस्करसाठी भारतातर्फे गेला हे सगळ्यांना पाठ, त्याचं संगीत कोणाचं हे विचारा, व्हायवासारखी शांतता पसरते. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे दृष्टी जाणार असलेला लहान मुलगा आणि त्याचे आजोबा. अशा गोष्टीत व्हायोलिनचा पूर आणून प्रेक्षकाला रडवणं किती सोपं होतं! चंदावरकरांनी तो मोह टाळला, असं मला प्रत्येक वेळी बघताना वाटतं. मुलाला जे आवाज पुढे आयुष्यभर पुरवायचे आहेत, ते त्यांनी झाकले नाहीत. २००९ साली ते गेले.

दुसरा 'आक्रोश' (१९८०). गोविंद निहलानींचा पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत अजित वर्मन यांचं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या स्वतःच्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. नायकच बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या मनातलं सगळं सुरांनी सांगून टाकायचा मोह किती झाला असेल! पण इथे त्याचं गप्प राहणं गप्पच ठेवलंय, म्हणून शेवटची किंकाळी अंगावर येते. सिग्नल ऐकू यायचा तर नॉइज फ्लोअर खाली पाहिजे, इतकं साधं आहे ते.

तिसरा 'फँड्री'. अजय-अतुलचं गाजलेलं गाणं प्रमोशनचं होतं, ते सिनेमात नाहीच! पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं, ज्यांनी पुढे 'सेक्रेड गेम्स' केलं. 'सेक्रेड गेम्स'ची धून अर्ध्या हॉस्टेलला येते, 'फँड्री'ची कोणाला येते? त्यात डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. तिथे वेगळं संगीत लावायची गरजच नाही. कानावर येणारा आवाजच सगळं सांगतो.

आता 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. याची गाणी दुर्लक्षित म्हटली तर मारच खाईन. पण नाग्याचा ढोल नुसता गाण्याचा ठेका नाही, ते त्याच्या जिद्दीचं माप आहे, हे कोण बोलतं? मात्र एक लक्षात ठेवा. ही गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकरांची. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या वारल्यांची नव्हे.

आमच्याकडचा आवाज तारप्याचा. वाळलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, पुढे पानांचा कर्णा, सांधे मेणाने बंद. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि गालातल्या हवेने फुंक चालू ठेवतो, म्हणून सूर तुटत नाही. दुधीत हवा साठते. आपल्या लॅबमधल्या कॉम्प्रेसरची टाकीच म्हणा ना! एका सलग सुराभोवती दुसरी धून फिरत राहते आणि वादकाभोवती नाचणाऱ्यांचा फेर. प्रत्येक तारपा हाताने बनतो, त्यामुळे दोन तारपे एकाच पट्टीत जुळतील याची खात्री नाही, कीबोर्डशी तर नाहीच. स्टुडिओला ही अडचण वाटत असेल, पण मला तीच त्याची खरी ताकद वाटते.

आणि सिनेमात आदिवासी आले की काय वाजतं? 'झिंगालाला'! वारली, कातकरी, ठाकर, कोकणा, सगळ्यांना तोच एक ढोल आणि तीच आरोळी. हसण्यावारी नेण्याइतकी ही गोष्ट छोटी नाही. गॅदरिंगला मोखाड्याचा मुलगा स्टेजवर गेला की मागून 'झिंगालाला' ओरडणारे ते सिनेमातूनच शिकलेले असतात. चुकीचं पार्श्वसंगीत माणसाला चिकटतं, आणि मग त्याचं खरं नाव कोणी विचारत नाही.

जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी पार केलेला माणूस! त्यांच्या श्वासावर एखाद्या संगीतकाराने अख्खा सिनेमा उभा करावा, असं मला फार वाटतं. आणि तेही लवकर व्हावं.

तोवर आपण काय करायचं? एकच प्रयोग करा. यातला कुठलाही सिनेमा लावा आणि एक प्रसंग डोळे मिटून ऐका. मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. दोन्हींतला फरक म्हणजे पार्श्वसंगीत. सबमिशनच्या रात्रीसुद्धा जमेल, दहा मिनिटांचं काम आहे. आणि दिवाळीच्या सुमारास, भात कापून झालं की, जव्हारला या. तारपा हेडफोनवर कळत नाही, त्याच्या फेरात उभं राहावं लागतं.