आज्ञा आहे, आज्ञा देणारा?

तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात एलिशा बेन अबूया नावाच्या एका पंडिताच्या कथा आहेत. दुसऱ्या शतकातला हा माणूस. धर्मशास्त्रात त्याचा हात धरणारे फार थोडे, आणि नेमकी त्याचीच श्रद्धा उडाली. का उडाली, याची एक हकीकत अशी. बापाने मुलाला झाडावर चढून घरट्यातली पिल्लं काढायला सांगितलं. पिल्लं घेण्याआधी पक्षिणीला उडवून लावावं, अशी तोरेची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. आईबापांचा मान राखणं आणि पक्षिणीला सोडून देणं, या दोन्ही आज्ञांना तोरेने दीर्घायुष्याचं फळ सांगितलं आहे. मुलाने दोन्ही पाळल्या आणि उतरताना पडून मेला.

पुढे एका शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीच्या, दिवशी एलिशा घोड्यावरून चालला होता, म्हणजे उघड उघड नियम मोडत होता. त्याचा शिष्य रब्बी मेईर विद्येच्या ओढीने मागून पायी येत होता. एका ठिकाणी गुरूने त्याला थांबवलं आणि सांगितलं, आता मागे फिर, शब्बाथला चालण्याची हद्द इथे संपली. ही दोन हजार हातांची हद्द त्याने घोड्याच्या पावलांवरून मोजली होती. स्वतःला बांधणारी आज्ञा त्याने झुगारली, पण शिष्याची मोजत राहिला. तल्मूदकारांनीही गंमत केली: त्याचं नाव टाळून त्याला ‘तो दुसरा’ म्हटलं, पण त्याच्या कथा गाळल्या नाहीत.

देव न मानता ज्यू धर्म पाळता येतो का, हा प्रश्न असा जुना आहे. तो शास्त्राच्या भाषेत नीट मांडला गेला मध्ययुगात. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने बाराव्या शतकात श्रद्धेची १३ तत्त्वं घालून दिली आणि तोरेतल्या ६१३ आज्ञांची मोजदाद करताना देवाचं अस्तित्व मानणं ही पहिलीच आज्ञा धरली. जो देव नाही म्हणेल त्याला परलोकात वाटा नाही, इतकं कडक. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी स्पेनमधल्या हस्दाय क्रेस्कासने यातली मेख दाखवली. देव मान, असा हुकूम देव कसा देईल? जो मानतो त्याला हुकमाची गरज नाही आणि जो मानत नाही तो हुकूम ऐकणार कोणाचा? शिवाय विश्वास हुकमाने बसत नाही, तो बसतो किंवा बसत नाही. क्रेस्कास नास्तिक नव्हता, त्याच्या मते देवावरचा विश्वास ही आज्ञा नव्हे, सगळ्या आज्ञांचा पाया. मला मात्र त्याच्या युक्तिवादात एक फट दिसते. श्रद्धा यादीतून निघाली की हातात उरतात त्या कृतीच्या आज्ञा.

आपल्या मीमांसकांना हा पेच पडला नसता. जैमिनीच्या दर्शनात विधी आहेत, निषेध आहेत, यज्ञ आहेत, पण ईश्वराला कामच नाही. वेद अपौरुषेय, म्हणून आज्ञा आहे आणि ती देणारा नसला तरी चालतं. कुमारिल भट्टाने तर सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली आणि तरीही कर्मकांडाचा तो कट्टर पुरस्कर्ता राहिला. ज्यू परंपरेला ही वाट बंद आहे. सिनाई पर्वतावर कोणीतरी बोललं, तिथूनच तिची सुरुवात होते. शब्बाथ सुरू होताना, शुक्रवारी सांजवेळी मेणबत्त्या लावताना म्हणायच्या आशीर्वचनातच ‘तू आम्हाला आज्ञा दिलीस’ असा उल्लेख असतो. मेणबत्ती नास्तिकालाही लावता येते. अडचण त्या वाक्याची आहे.

पण शास्त्र एक आणि ओळख पटवण्याची रीत दुसरी. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की कोचीनच्या बाजूने आलेल्या डेव्हिड राहाबीला या लोकांचा संशय आला, तेव्हा त्याने इथल्या बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. खवले आणि पर असलेली त्यांनी वेगळी काढली, बाकीची आम्ही खात नाही म्हणाल्या. झाली खात्री. राहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत आणि कथा कथेसारखीच घ्यावी, पण परीक्षा स्वयंपाकघरात झाली, देवाबद्दल कोणी काही विचारलं नाही. तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून गावाने यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना शब्बाथ, सुंता, मासळीचा विधिनिषेध आणि शेमा ही प्रार्थना त्यांनी टिकवली. त्यातली शेमा म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही, म्हणून श्रद्धा नव्हतीच असं म्हणणं चुकीचं ठरेल. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी तिथे गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांवर अटी घातल्या तेव्हाही चौकशी पूर्वजांच्या लग्नांची आणि घटस्फोटांची होती. मोठं आंदोलन झालं, आणि हे सर्वार्थाने ज्यूच, असं १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, जाहीर करावं लागलं.

विसाव्या शतकात अमेरिकेत मॉर्डेकाय कॅप्लान या रब्बीने प्रश्नालाच हात घातला. १९३४ च्या ग्रंथात त्याने ज्यू धर्म ही एक संस्कृती आहे असं मांडलं. वरून आज्ञा देणारा अलौकिक देव त्याला मान्य नव्हता, पण शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम तो पाळत असे, कारण हे आपल्या लोकांचे आचार. म्हणजे आज्ञा देणाऱ्याच्या जागी समाज बसला. १९४५ मध्ये सनातनी रब्बींनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमून त्याला बहिष्कृत केलं, आणि त्याचं प्रार्थनापुस्तक तिथे जाळलं गेलं. हे अशा वर्षी, जेव्हा युरोपात ज्यूंची पुस्तकं जाळणारी राजवट नुकती कोसळली होती. मिशिगनमध्ये शर्विन वाइनने १९६३ मध्ये त्याहून पुढची पायरी गाठली आणि प्रार्थनेतून देवच काढून टाकला. हे तर्काला धरून आहे, पण मला त्यात चव लागत नाही. देव गेला की नियमांची सक्ती जाते आणि नियम आवडीनिवडीवर येऊन बसतात.

ऑशविट्झच्या संहारानंतर रिचर्ड रुबेनस्टाइनसारख्या रब्बीने इतिहास चालवणाऱ्या देवावरचा विश्वास सोडला. सिनेगॉग मात्र सोडलं नाही. उलट जेरुसलेमचा प्राध्यापक येशायाहू लायबोविट्झ म्हणे, देवाने काय केलं नि काय केलं नाही, हा हिशेबच धर्माचा नव्हे. त्याच्या लेखी श्रद्धा म्हणजे आज्ञांचं जू मानेवर घेण्याचा निर्णय, दुसरं काही नाही. म्हणजे पाळणं आणि मानणं त्याने एकच करून टाकलं. मोठा हट्टी माणूस, पण या वादात सर्वांत स्वच्छ भूमिका मला त्याची वाटते.

सामान्य लोक इतका खल करत नाहीत. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ६८ टक्के ज्यूंनी सांगितलं की देव न मानणारा माणूस ज्यू असू शकतो. येशूला मसीहा मानणाऱ्याबद्दल असं म्हणणारे ३४ टक्केच निघाले. देव नाकारलेला चालतो, दुसऱ्याच्या अंगणात गेलेला चालत नाही.

न मानता पाळण्याची काळी बाजू न्यूयॉर्कच्या कर्मठ वस्त्यांत दिसते. आयाला फेडर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०२० च्या पुस्तकात अशा माणसांबद्दल लिहिलं आहे, जी मनातून श्रद्धा हरवून बसली आहेत आणि बाहेरून सगळं पाळतात. दाढी, टोपी, काशेर (धर्मनियमांनुसारचं) जेवण, शब्बाथ, सगळं. कारण उघडकीला आलं तर घर मोडेल, मुलांचा ताबा जाईल, त्यांना शाळेत घेणार नाहीत, सोयरीक जुळणार नाही. कॅप्लानने देवाच्या जागी ज्या समाजाला बसवलं, तो इथे फार जवळून भेटतो. या पाळण्याला लायबोविट्झने देवाची सेवा म्हटलं नसतं. तल्मूदच्या पंडितांनी बहुधा एवढंच सांगितलं असतं की पाळत राहा, भलत्या हेतूने करता करता माणूस कधी तरी खऱ्या हेतूने करू लागतो. बायको समोर बसलेली असताना रात्री चोरून मोबाइलवर धर्मचिकित्सा वाचणाऱ्या माणसाला हा सल्ला कितपत दिलाशाचा वाटेल, याची मला शंका आहे.