हिरडीच्या कडेवरचा पहारा

तोंडात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगी. लाळ त्यांना सरसकट मारत नाही. तिच्यातली आयजीए प्रतिपिंडे अनेकांचे पुंजके करतात आणि ते आपण गिळून टाकतो.

खरी झुंज चालते ती दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत. निरोगी माणसातही रक्तातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अखंड झिरपत असतात. एका दुर्मीळ जन्मजात विकारात त्यांना रक्तवाहिनीबाहेर पडताच येत नाही. मग लहान वयातच दातांभोवतीचे हाड झिजते. पण या पहाऱ्याचा अतिरेकही घातक. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू संरक्षणयंत्रणेची दिशाभूल करतो, दाह धुमसत ठेवतो आणि मोडलेल्या ऊतींवर स्वतः पोसतो. हाड झिजवतात त्या मात्र आपल्याच पेशी; मला हे सर्वांत विलक्षण वाटते.

जिवाणूंना मोकळीक मिळाली की ही झुंज किती लवकर पेटते, हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात दिसले. त्यात संशोधक हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी जणांचे दात घासणे थांबवले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्याच हिरड्यांना दाह झाला. घासणे पुन्हा सुरू झाल्यावर तो साधारण आठवडाभरात ओसरला.